सोयरूकाका घेत नाहीत

तुम्हाला आधीच सांगून ठेवतो, तुम्ही जे समजणार आहात ते चूक आहे.

म्हणजे बघा. गोव्यातला माणूस. साठी ओलांडलेला. नाक पिकल्या काजूबोंडासारखं तांबडं. दोन्ही गालांवर बारीक बारीक लाल रेघा, जसा कुणी लाल बॉलपेनानं पेडणे तालुक्यातल्या ओहोळांचा नकाशा काढलाय. भर दुपारी सायकल हातात धरून घराकडं चाललाय, सायकलवर बसून नव्हे. समोरून तुम्ही येता. तो थांबतो. अगदी जवळ येतो. तोंड उघडतो, आणि थेट तुमच्या नाकावर वारा सोडतो, "हाऽऽऽ!"

झालं! तुम्ही मनात म्हणालात, अरे वा, काजूचा सीझन चालू झाला वाटतं. गोष्टीचा शेवटसुद्धा ठरवून टाकला असेल तुम्ही. बायको रडते, पोर उपाशी झोपते, शेवटी कुणीतरी शपथ घालतं आणि बाटली फुटते.

पण तो माणूस वारा सोडून झाला की दोन्ही हात कमरेवर ठेवतो आणि विचारतो, "आयलो वास? सांग मरे! आयलो?"

येत नाही. म्हणजे वास येतो, चिक्कार येतो. कधी कांद्याचा, कधी सुकटीचा, एकदा फणसाचा आलेला तो मला अजून आठवतो. पण दारूचा नाही. उभ्या आयुष्यात एक थेंब नाही. सोयरूकाका घेत नाहीत. आणि हे कुणाला पटत नाही, हेच त्यांचं मोठं दुखणं.

सोयरूकाका म्हणजे आमचे शेजारी. केरीला आमचं आणि त्यांचं कुंपण एकच. कुंपण कसलं, चार जास्वंदी आणि एक मोडकं फाटक. त्यामुळं त्यांच्या घरात काय चाललंय ते आमच्या घरात कळतं, आणि शालिनीकाकींचा आवाज असा की ते पलीकडं तेरेखोलालाही कळत असावं. मी मोरजीला एका हॉटेलात रिसेप्शनवर बसतो. ते झालं पोटासाठी. खरं काम म्हणजे नकला. भटजी, सरपंच, पाव विकणारा पोदेर, पावाचा हॉर्न वाजवणारी त्याची सायकल, सगळं येतं मला. म्हणून सोयरूकाका मला नावानं कधीच हाक मारत नाहीत. "नकल्या" म्हणतात.

काका फेरीबोटीवर कामाला होते. केरीहून तेरेखोलला जाणारी बोट. गाड्या बोटीवर चढवायच्या, हे त्यांचं काम. उलटं चालत चालत ते दोन्ही हातांनी गाडीला बोलवायचे, "येंव दी… येंव दी… येंव दी… राव!" म्हणजे येऊ दे, येऊ दे, थांब. आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, बोट सुटली पण शब्द सुटले नाहीत. काकी भात वाढते तेव्हा, "येंव दी… येंव दी… राव!" न्हावी मानेवर वस्तरा फिरवतो तेव्हा तेच. त्यांची दीक्षा पहिल्यांदा चालायला लागली तेव्हा म्हणे हे उलटे चालत होते आणि ती सोप्यावर दुडूदुडू पुढं येत होती, "येंव दी… येंव दी…" तिथं "राव" मात्र म्हणालेच नाहीत. शेवटी काकाच सोप्यावरून खाली पडले.

तर तोंड. गरम चहा प्याले की तोंड लाल. मिरची लागली, लाल. हसले, लाल. चिडले तर विचारू नका. आणि जन्म सगळा बोटीवर, उन्हात. एकदा कुणी पाहुणा गाडीतून डोकं बाहेर काढून म्हणाला, "काय हो, पिऊन ड्युटी करता?" काकांनी बोट सुटायची थांबवली, त्याच्या खिडकीत तोंड घातलं आणि "हाऽऽऽ!" तिथून ही सवय जाहीर झाली.

त्यांचे नियमसुद्धा ऐका. वेलची खायची नाही. बडीशेप खायची नाही. लग्नात विडा आला तर हात जोडायचे. का? "वेलची खातलो तो कितें तरी लिपयता!" म्हणजे वेलची खाणारा काहीतरी लपवतो. टूथपेस्टचासुद्धा गार वास येतो म्हणून दात राखुंडीनं घासायचे. देवळाजवळच्या बारवाल्यानं एकदा थट्टेत म्हटलं, "सोयरूभाऊ, सांजेक माझ्या दारात नुसते बसा. तुमचा तोंड बघून गिऱ्हाईक येतला. माल बरो असतलो म्हणून." काका त्या दिवसापासून देवळात मागच्या पाणंदीनं जातात. देवाला पाठीमागून नमस्कार करतात आणि तसेच परततात.

मी त्यांची नक्कल करतो हे त्यांना ठाऊक आहे. गणपतीत, चवथीच्या कार्यक्रमात मी नाकाला आणि गालांना पिंजर, म्हणजे कुंकू, फासली, सायकल हातात धरली आणि स्टेजवर येऊन पहिल्या रांगेवर "हाऽऽऽ!" केलं. लोक खुर्च्यांवरून घसरले. पहिल्या रांगेत काका स्वतः. मी म्हटलं, आता मार. कार्यक्रम संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बरी केलंस. पण नाक कमी तांबडा केलंस, नकल्या. लोकांका फसवू नको."

असा माणूस.

आता दीक्षाचं. दीक्षा त्यांची एकुलती एक. औषधाच्या कारखान्यात कामाला आहे. तिथंच तिला सुदेश भेटला. नार्व्याचा, डिचोली तालुक्यातला. पोरगा गरीब गाय. घरी फक्त आई, सुमतीबाय, नदीकाठी थोडी शेती. सुदेशनं आईला सांगितलं. मुलीला आमच्याकडं चेडू म्हणतात. आई म्हणाली, "चेडू खंयचा पण असो, शिकलेला असो, नसो, माका चलता. एकच सांगता. पिणाऱ्या माणसाच्या घरची सोयरीक माका नाका." कारण तिचा नवरा दारूनं गेला होता. जाण्याआधी तिची वर्षंही घेऊन गेला होता.

सुदेश म्हणाला, "आई, तिचे बाबा घेतच नाहीत." पण कुठल्याशा बारशाला कुणीतरी सुमतीबायच्या कानात सांगितलं, "केरीचो सोयरू? तांबड्या नाकाचो? बरो घेता तो!" झालं. बाईनं निरोप पाठवला: मी येत्या आयतारी, म्हणजे रविवारी, स्वतः येते. घर बघते, माणूस बघते, मग सांगते.

काकांनी ऐकलं आणि जेवण टाकलं. काकी म्हणाली, "अवो, तुमी घेत नाय मगे कित्याक भियतात?" काका म्हणाले, "गो, घेणाऱ्याक सोडूक येता. माझा हा तोंड मी खंय सोडू?"

दुसऱ्या दिवशी ते काकीला चुकवून बसनं मोरजीला, माझ्या हॉटेलात. "नकल्या, तुझ्याकडे नाटकाची पावडर आसा मरे? माका लाव." ती माझ्या पिशवीत असतेच. मी कपाटाच्या मागं नेऊन लावली. आरशात बघून ते स्वतःच दचकले. नाक पांढरं, कान तांबडे. दशावतारातला राक्षस अर्धा रंगून पळून आल्यासारखा.

तेवढ्यात आमच्याकडे उतरलेली एक गोरी म्हातारी किल्ली ठेवायला आली. सकाळची वेळ, हातात बियरचा ग्लास. तिनं काकांकडे नीट बघितलं, टिश्यूनं त्यांच्या गालावरची पावडर जराशी पुसली आणि ओरडली, "सेम! सेम!" मग फोन काढून स्वतःचा जुना फोटो दाखवला. तेच नाक! तेच ओहोळ! आणि आता बघावं तर तोंड गुळगुळीत, गोरंपान. गालावर बोट ठेवून म्हणाली, "लेझर!"

ती गेल्यावर काका कितीतरी वेळ तिनं टेबलावर सोडलेल्या ग्लासाकडे बघत राहिले. "बघ मरे नकल्या. ही सकाळी न्याहारेक घेता, हिचा तोंड पांढरा. मी सोलकढी पियता, माझा असा! न्याय खंय आसा?"

न्याय म्हापशाला होता. तिथल्या चामड्याच्या डॉक्टरीणबाईंकडे मीच त्यांना घेऊन गेलो, मित्राची गाडी मागून. डॉक्टरीणबाई तरुण, तोंडावर मास्क. काका खुर्चीत बसायच्या आधी म्हणाले, "बाय, मास्क काडा."

"का हो?"

"वास घेवा. मगे बोलूया."

मी कपाळावर हात मारला. बाई हसल्या. म्हणाल्या, "काका, मला वास नको. तुमचं हे दारूनंच होतं असं काही नाही. न पिणाऱ्यांनाही होतं. चेहऱ्यातल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात आणि तशाच राहतात. ऊन, गरम चहा, तिखट, राग, यानं जास्त दिसतं."

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "परत सांगा."

"काय?"

"ता दारवेचा. परत सांगा. नकल्या, आयक. आनी बाय, तुमी आमच्या देवळात येवन माइकावर सांगशात?"

बाईंनी विषय बदलला. लेझर कसं चालतं ते समजावलं. "त्या प्रकाशाचा रंग असा असतो की रक्ताचा लाल रंग तो प्रकाश पितो, मग ती रक्तवाहिनी तापते आणि बंद होते."

"पिता म्हणू नकात!" काका घाईनं म्हणाले. "दुसरा कायय म्हणा."

"बरं, शोषून घेतो. एकदा करून भागत नाही, थोड्या थोड्या आठवड्यांनी परत यावं लागतं. आणि करून झाल्यावर सूज येते, निळेजांभळे डाग पडतात, आठवडा-दहा दिवस राहतात. घरात काही कार्यक्रम आहे का? असेल तर तो झाल्यावर करूया."

मी तोंड उघडलं. काकांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, अख्खा. "कार्यक्रम? छे! कसलो कार्यक्रम! आमच्याकडे चवथ सोडून काय नसता."

आयतार दोन-तीन दिवसांवर आला होता.

बाहेर मी म्हटलं, "काका, निळेजांभळे म्हणाली ती!" काका म्हणाले, "तसा सांगूचाच लागता डॉक्टरांका. आमी पण बोटीर सांगायचे, बोट वेळान सुटतली. सुटायची वेळेरच. अरे, उजेड तो! उजेडान कोणाक काळो डाग पडता?"

मला पटलं! माझी अक्कल बघा.

आत लेझरच्या खोलीत बाईंनी काकांचे डोळे झाकले, मलाही चष्मा दिला, आणि चालू केलं. टक्. टक्. टक्. शाळेत मागच्या बाकावरून रबर ताणून मारतात तसा आवाज आणि म्हणे तसाच मार. दर टक्ला काका देवाला एकेक नवस बोलत होते. नाकावर आलं तेव्हा देव संपले आणि फेरीबोट आली. "येंव दी… येंव दी… राव! राव! राव गे बाय!"

तोंड आरशात बघितलं तेव्हा नुसतं लाल होतं. काका म्हणाले, "बघलंस? काय नाय." दुसऱ्या दिवशी सकाळी शालिनीकाकींची किंकाळी ऐकून आमची कोंबडी भिंतीवर चढली. मी धावलो. सोप्यावर काका बसलेले. गाल पिकल्या जांभळासारखे, डोळ्यांखाली निळं, नाक सुजून वांग्यासारखं. पिऊन गटारात पडलेला माणूस काढायला सांगितला तर चित्रकार हाच चेहरा काढील. पोदेर पाव द्यायला आला, बघितलं, पाव दारात ठेवले आणि हळूच म्हणाला, "सोयरूभाऊ, जपा." काका तोंड पुढं करून "हाऽऽऽ!" करायला उठले तोवर पोदेर वळणापलीकडं.

आयतार आला. काकीनं हुकूम दिले. एक, ह्यांनी बोलायचं नाही. दोन, "मी घेत नाय" हे शब्द काढायचे नाहीत. तीन, कुणाच्याही नाकावर वारा सोडायचा नाही. "सोडलात तर मी आज हयच जीव देतली, विहिणीच्या समोर!" आणि मला म्हणाली, "नकल्या, तू ह्यांच्या बाजूक बस. तोंड उघडला की लाडू घाल." दीक्षा दाराशी उभी होती. पिवळा ड्रेस, हातात दोनदा पुसलेली ताटली. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

सुमतीबाय आली. साधी बाई. डोक्यावरून पदर, मनगटात एकेक बांगडी. सुदेश मागं, तोंड वाळलेलं. बाईनं सोप्यावर पाय ठेवला, काकांकडे बघितलं, आणि तिथंच थांबली. मग हळूच खुर्चीवर बसली आणि विचारलं, "तोंडाक काय झाला?"

आता आम्ही चौघांनी आदल्या दिवशी काय सांगायचं ते ठरवलंच नव्हतं.

"पडले!" काकी म्हणाली.

"मोहोळ उठलां!" मी म्हणालो.

"लेझर," दीक्षा म्हणाली.

तिन्ही एकदम. काका बोलायला गेले. मी लाडू घातला.

सुमतीबायनं सरबताचा पेला ओठाला लावला होता, तो खाली ठेवला. काकीकडे बघत राहिली. "पडले," ती म्हणाली. "मी पण असाच सांगायची. शेजाऱ्यांका. माझ्या आयेक पण. पडले म्हणून."

सोप्यावर कावळ्याचा आवाजसुद्धा मोठा वाटायला लागला. सुदेश खाली बघायला लागला. दीक्षाचा हात ताटलीवर थांबला. संपलं, मला कळलं. लाडू गिळायला काका धडपडत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, ते लाडवाचं की कशाचं, देव जाणे.

आणि तेव्हा काकी उठली.

आता मी हिची नक्कल तोंडानं करतो, लिहून जमायची नाही, तरी बघा. तिनं पदर खोचला आणि विहिणीला पाठ करून नवऱ्याकडे वळली.

"पडले मरे, पडले! खंय पडले माहीत आसा? मूर्खपणात पडले! अवो, ती डॉक्टरीण विचारता, घरात कार्यक्रम आसा? आणि हे सांगतात, नाय! एकुलत्या एक चेडवाची सोयरीक म्हणजे कार्यक्रम नाय? आनी मी बावळट, पडले म्हणून सांगता! तुमच्यासाठी माका पण खोटा बोलूचा लागता! लोकांचे घोव पियतात, भांडतात, निदान समजता तरी काय चल्लां ता! हे न पिता माझ्या डोक्यार बसले! रोज सांजेक दारात उभे रावन हाऽऽऽ! माका सांगा बाये, कोणाचो घोव बायलेच्या नाकार वारो सोडता?"

काका सरबताचं ताट हातात घेऊन उठले होते, कशाला ते त्यांनाही ठाऊक नसावं. मान खाली घालून पुटपुटले, "गो, हळू. पेलो पडतलो."

"पडूंदी! तुमी पडलात, पेल्याक काय झाला!"

मी दीक्षाकडे बघितलं. आईचा असा पट्टा चाललेला, विहीण समोर, सगळं बुडत चाललेलं, आणि दीक्षा काय करत होती? ताटलीतला चिवडा खात होती. शेंगदाणे वेगळे काढून. रोजचंच तिला.

सुमतीबायसुद्धा दीक्षाकडेच बघत होती. मग काकीकडे. मग त्या जांभळ्या वांग्याकडे, जे ताट धरून उभं होतं. आणि तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"बस गो बाये," ती काकीला म्हणाली. "बस आता. समजला माका."

"काय समजला?" काकी अजून गरमच.

"पिणाऱ्याच्या घरात असा कोण ओरडत नाय." तिनं पेला परत उचलला. "थंय हळू बोलतात. भांडासुद्धा हळू ठेवतात, आवाज जावंक नाका म्हणून. पोरां दारात पाय वाजले की खाणा बंद करतात." मग दीक्षाच्या ताटलीकडे बोट दाखवून म्हणाली, "हिका बघ. हिना चिवडो सोडूक नाय."

काकी खुर्चीवर बसली ती जवळजवळ खुर्चीच्या बाजूला. सुदेशनं मान वर केली. आणि इथं, सगळं निभावलं असताना, आमच्या माणसाला राहवलं नाही. ताट ठेवलं, सरळ सुमतीबायच्या समोर जाऊन उभे राहिले, दोन्ही हात जोडले.

"तरी पण, विहीणबाय… एकदा वास घेवा."

"अवो!" काकी किंचाळली. मी लाडू उचलला, पण उशीर झाला होता.

आजवर काकांनी गावात, बोटीवर, बाजारात कितीजणांना वास घ्यायला लावला असेल! सगळे तोंड फिरवतात. हसतात, पळतात, नाक धरतात. मीसुद्धा. सुमतीबाय उठली. पुढं झुकली, आणि खरंच घेतला. डोळे मिटून, नीट, घरातल्या माणसाचा घ्यावा तसा.

"सोलकढी," ती म्हणाली. "लसूण जरा चड पडली, जास्त."

"चड नाय!" काकी म्हणाली. "गावठी लसूण ती!"

मग जे हसणं सुरू झालं ते सुमतीबायपासूनच सुरू झालं. काका हसले, आणि सगळ्या जांभळ्याखालून लाल वर आलं.

लग्न झालं. मधल्या महिन्यांत लेझरच्या आणखी फेऱ्या झाल्या, आता नियमानं, डॉक्टरीणबाईंना कार्यक्रमांची सगळी खरी माहिती देऊन. तोंड एकदम गोरी म्हातारीसारखं नाही झालं, पण नकाशातले बरेच ओहोळ आटले. नाक आता नाकासारखं दिसतं. बाईंनी सांगितलं, उन्हात टोपी, तोंडाला क्रीम, तिखट कमी, चहा कोमट, नाहीतर परत येईल. काका घराबाहेर पडतात ते तोंडाला पांढरं क्रीम फासून, आणि डोक्यावर गोऱ्या म्हातारीनं जाताना दिलेली निळ्या रिबिनीची गवती टोपी. माझ्या नकलेला आता पिंजर लागत नाही. तांदळाचं पीठ लागतं.

आणि कुणी विचारेना. बस स्टॉपवर कोण कुजबुजत नाही, बारवाला थट्टा करत नाही, पोदेर थांबून गप्पा मारतो. मला वाटलं, सुटले काका. आता वारा बंद.

पण एका सांजेला मी आमच्या सोप्यावर बसलेलो, फाटक वाजलं, आणि काका आत. टोपी काढली. जवळ आले. "हाऽऽऽ!"

"काका, आता कित्याक?" मी म्हटलं. "आता तुमका कोण पितात म्हणता?"

ते माझ्या शेजारी बसले. टोपीची निळी रिबीन बोटांवर गुंडाळत राहिले.

"लोकांक नाय रे," ते म्हणाले. "माझो बापूय घेयत होतो. मी ल्हान असताना आवय माका वाटेर उबो करी. बापूय आयलो की धावत जावन मिठी मारूची आनी वास घेवचो. वास आयलो तर आवशीक खूण करूची. मगे ती धाकल्यांक घेवन मागल्या दारान भायर." रिबीन बोटांवरून सोडवली. "मिठी मारूची वास घेवंक. समजलंस? माका बापायची मिठी तितलीच याद आसा."

मी त्यांच्याकडं सरकून बसलो.

"दीक्षा झाली तेन्ना मी ठरयला. माझ्या चेडवान वास सोदूचो नाय. मीच आदीं दितलो. बोटीवरसून आयलो की दारातच, हाऽऽऽ! ती सांगायची, काकडी! सांगायची, बटाटवडो! कधी चुकूक नाय. एकदा सांगला, बाबा, तुमी आज पेडण्याच्या हाटेलात भजी खाल्लात आनी आवयक सांगूक नाय." ते हसले. "खेळ वाटायचो तिका. खेळच तो. बाकी लोकांका मी उगीच… सवय झाली."

रस्त्यावरून कुणाची तरी स्कूटर गेली. त्यांच्या घरात काकी भांडी लावत होती, दणदण.

"आता ती नार्व्याक," काका म्हणाले. "फोनार वास जाना."

मग त्यांनी पुन्हा तोंड माझ्याकडे केलं, पण या वेळी वारा सोडला नाही. नुसते बघत राहिले. मी पुढं झुकलो आणि पहिल्यांदा नाक न धरता नीट वास घेतला. ओळखायला वेळ लागला नाही.

"बांगड्याचा हुमण!" मी म्हटलं. "तिरफळां घातलेला. आनी मिरची चिक्कार."

काकांचं तोंड फुललं. लेझर, क्रीम, टोपी, सगळं फुकट घालवून नाकापासून कानापर्यंत तांबडंलाल फुललं. "बरोबर!" त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बरोबर रे नकल्या! दीक्षासारखा!"

पण मला बोलायची सवय मोठ्यानं, स्टेजवरची. जास्वंदीच्या पलीकडं भांड्यांचा आवाज थांबला.

"काय? हुमण?" फाटकावर काकी, हातात डाव. "मी ह्यांका खळखळीत पेज वाडल्या, आनी हुमण खंय खाल्लात? भावाकडे गेल्ल्यात मगे! डॉक्टरीण काय सांगता, तिखट नाका! मी काय सांगता, तिखट नाका! जावयाक दाखवूक तोंड बरा केला आनी आता हुमण! बघा तो तोंड, बघा! बोटीचो दिवो! आनी टोपी खंय? सूर्य काय तुमचो मेव्हणो, सांजेक तुमका सोडतलो? आनी तू रे नकल्या, तुका वास आयलो तर गप बसूक काय झाला? गाव जागो करतंस! उट्टात काय नाय, तुमी? की मी येंव थंय? येंव?"

काका उठले नाहीत. टोपी घालून, भिंतीला टेकून, डोळे मिटून सगळं ऐकत राहिले. मला कोपरानं ढोसून हळूच म्हणाले,

"येंव दी… येंव दी…"